धोटा

टोपली सकाळपासून उघडी ठेवली होती,
आत त्याचंच फडकं, फडक्यावर सुकटाचे चार तुकडे.
अकरापर्यंत सुकट संपलं. मांजर बाहेरच.
शेवटी शेजारच्या सुनेनं मागून धरलं, मी पुढून कोंबलं,
माझ्या मनगटावर तीन रेघा,
तिच्या गाऊनची बाही उसवली,
आणि आम्ही झाकण सुतळीनं आवळलं.

नाव धोटा.
दिवसभर या घरातून त्या घरात, त्या घरातून या घरात,
म्हणून ह्यांनी ठेवलेलं, माग चालू होते तेव्हा.
माग विकले.
धोटा राहिला.

साखर पेठेपासून सात रस्त्यापर्यंत असा ओरडला
की रिक्षावाला दोनदा मागं वळला,
"ताई, लेकरू हाय का काय आत?"
आणि डॉक्टर बिराजदारांच्या पायरीवर टोपली टेकवली, तर
गप्प.
सुट्टीच्या भोंग्यानंतर अख्खं खातं गप्प व्हायचं, तसा.

बाहेर बेचाळीस डिग्री. आत पंखा एक, बाकं दोन.
पहिल्या बाकाखाली रॉटवायलर.
दंडावर वाघ गोंदलेला पोरगा पट्टा ओढतोय,
"भैरव, ये की बाहेर. भैरव, लोक बघायलेत."
भैरव थरथरतो, त्याच्यावर बाक थरथरतं,
बाकावरच्या आम्ही तिघी थरथरतो.

यमूल मावशींची पांढरी कुत्री वजनकाट्यापाशी अडलेली.
कंपाउंडर म्हणतो, बस. उभी.
सिट. उभी.
मावशी तोंडातलं पान गालात सारून म्हणतात, "कूर्चो,"
आणि ती बसते,
काट्यावर नाही, कंपाउंडरच्या पायावर.

कुणाचंही नाव पुकारलं की सादिकचा कोंबडा बांग देतो.
एका शेळीनं केसपेपर खाल्लाय,
कुणाचा, ते अजून कळेना.
"ज्याचा असंल त्याचा," शेळीवाले आजोबा म्हणतात,
"औषध आता हिलाच लागू पडंल."
सगळे हसले. भैरवसुद्धा जरा नाक बाहेर काढून बघून गेला.

मग चौघं आले, चार हातांत चादरीचे चार कोपरे,
मधे म्हातारा लॅब्राडोर, तोंड तेवढं बाहेर.
दाराची चौकट लागली तशी चादर तिरपी झाली,
आणि तो, जाता जाता, ज्याचा हात जवळ दिसला
त्याचा हात चाटत गेला. माझाही.
दवाखान्यात एवढ्या खुशीनं शिरलेला तो एकटाच.
नंबर कुणाचा होता, कुणी विचारलं नाही.

बाहेर आले तेव्हा
चादरीवरचा मोर वर होता.
कोंबडा ओरडला नाही, किंवा ओरडला असेल,
मी टोपलीच्या फटीतून आत बघत होते.

टेबलावर धोटा म्हणजे दगड.
कान मागे, शेपूट पोटाखाली, डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरला.
थर्मामीटर, हूं नाही. सुई, चूं नाही.
"फार शहाणं मांजर आहे हो," डॉक्टर म्हणाले.
मी पदराखाली मनगट घेतलं.

ह्यांचंही असंच.
रात्रभर खोकतात, उशीखाली तोंड घालून,
फुप्फुसात तीस वर्षांचं सूत;
आणि सिव्हिलमधल्या स्टुलावर बसवलं
की पाठ ताठ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं,
"काय नाही साहेब. बरं हाय सगळं."

सुतळी शोधायला मी खाली वाकले,
उठून बघते तर धोटा आपणहून टोपलीत गेलेला,
आत एक गिरकी घेऊन, फडक्यावर बसून,
माझ्याकडे बघतोय: बांध की आता.
सकाळचा अर्धा तास आणि तीन रेघा
कुठल्या हिशेबात धरायच्या?

रिक्षा हलली तसा पुन्हा सुरू झाला,
थेट साखर पेठेपर्यंत.
घरी झाकण उघडताच शेजारी पसार.
"काय म्हणाले डॉक्टर?" ह्यांनी विचारलं.
"शहाणं आहे म्हणाले."
ते हसले, हसता हसता खोकला आला,
तो दाबायला लगेच पाणी मागितलं.

परवा ह्यांना न्यायचंय, एक्स-रेला.
आत्तापासूनच म्हणायलेत, ऊन लई आहे, पुढच्या आठवड्यात बघू.
शेजारच्या सुनेला सांगून ठेवलंय.
टोपली तेवढी मोठी
कुठे मिळेल, बघते.